ओली रजई

तिने बोट नळाखाली धरलं आणि धार मोठी केली. दुधाचं पातेलं उतरवताना नुसती कड लागली होती, तरी फोड टरारून आला होता. आयुष्यातला पहिला फोड. गल्लीने तिचं नाव विस्तवताई ठेवलं होतं. जळत्या घरात शिरायची, माणूस काढायची आणि अंगावर डाग न घेता बाहेर यायची. पातेलं उतरवायला फडकं लागायचं ते थोरल्या जावेला, तिला कधीच नाही.

"काय झालं?" जावेने विचारलं.

"काही नाही वहिनी. नख लागलं."

तेवढ्यात जिन्यात आरडाओरडा झाला. वरच्या मजल्यावर शिंप्याच्या खोलीला आग लागली होती आणि म्हातारा शिंपी आत अडकला होता. ती दारात आली. शेजारी जिन्यावर हाताची घडी घालून उभे होते. कुणाच्या हातात बादली नव्हती. बंब बोलवायची तर या गल्लीला सवयच राहिली नव्हती.

"आली बघा. आता काळजी मिटली," कुणीतरी म्हणालं. एकाने चित्रीकरणासाठी मोबाइलसुद्धा वर धरला.

ती वळली, आत गेली, पलंगावरची रजई ओढली आणि न्हाणीघरातल्या बादलीत कोंबली. जाऊ मागोमाग आली. तिने रजईकडे पाहिलं, मग त्या बोटाकडे.

"कधीपासून?"

"आत्ताच. दूध उतरवताना."

"मग जाऊ नकोस. मी बंब बोलावते."

"बोलवा. पण तो येईपर्यंत म्हातारा टिकायचा नाही."

"भीती नाही वाटत तुला?"

"वाटते. फार वाटते, वहिनी." तिने रजई पाण्यात आणखी खाली दाबली. इतक्या आगी पाहिल्या, पण भीती कुठे ठेवायची असते हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं.

जावेने फोन लावला, पत्ता नीट दोनदा सांगितला. मग स्वतःच्या पलंगावरची रजई आणून तीही पाण्यात बुडवली.

"तुम्ही कशाला?"

"भिऊनच जायचं तर एकटी कशाला जातेस? आणि म्हातारा वजनाला काही कमी नाही."

दोघी पायऱ्या चढू लागल्या. रजया ठिबकत होत्या. ते पाणी पाहून जिन्यावरच्या हातांच्या घड्या सुटल्या. मोबाइल धरलेला हात हळूहळू खाली आला.

शिंप्याच्या दाराखालून धूर येत होता. तिने सवयीने दाराच्या लोखंडी मुठीला हात लावला आणि विव्हळून मागे घेतला. सगळ्यांनी ते ऐकलं. आता झाकायला काही उरलं नव्हतं. तिने रजईचं टोक हाताला गुंडाळलं, मूठ फिरवून दार ढकललं आणि खाली वाकली. जावेने तिच्या कमरेला घट्ट धरलं.

मागे कुणाच्या तरी घरात बादलीत नळ सुटला. मग शेजारच्या घरात. मग खालच्या मजल्यावर.

दोघी आत शिरल्या.