शनिवारचा पायगुण

शनिवारी सकाळी पार्सिपनीतल्या त्या अपार्टमेंटमध्ये देवपूजा व्हायची, पोहे व्हायचे आणि मग श्रीरंगची गाडी कसिनोंसाठी प्रसिद्ध असलेल्या अटलांटिक सिटीच्या रस्त्याला लागायची. २००६ साली लग्न होऊन कांचन अमेरिकेत आली, तेव्हा श्रीरंगने गंमत म्हणून तिला कसिनो दाखवला होता. तिने जुगाराच्या स्लॉट मशीनचं बटण दाबलं आणि चार हजार डॉलर लागले. पुण्याहून मुलाकडे राहायला आलेल्या सासूबाईंनी, सुनेत्राताईंनी, घरी येताच तिची दृष्ट काढली. सून पायगुणाची निघाली होती.

कांचनही तेव्हा सुखावली. पण पुढे बटण तिनेच दाबायचं असा नेमच पडला आणि मशीन पैसे गिळत सुटलं. "कुठलं पांढरं पाऊल घरात आणलं कोण जाणे," असं सासूबाई फोनवर लेकीला सांगू लागल्या, तेही कांचनला ऐकू जाईल अशा बेताने. श्रीरंग चांगला कॉम्प्युटर इंजिनियर, पण तेवढ्यापुरता तो लॅपटॉपमध्ये डोकं घालून बसे.

कांचन संख्याशास्त्रातली एम.एस्सी. एका शनिवारी सासूबाई मागच्या सीटवर डुलकी घेत असताना तिने त्याला गाडीत समजावून पाहिलं.

"मशीनच्या आत चिप असते, श्रीरंग. ती सारखे रँडम नंबर काढते. बटण दाबलं त्या क्षणीच निकाल ठरतो, चक्रं नुसती दाखवायला फिरतात. मागचं तिला काही आठवत नाही. आणि शेवटी कसिनोच फायद्यात राहील, हे आधीच सेट केलेलं असतं. कोणीही दाबलं तरी."

"थिअरी मलाही माहितेय यार. आईच्या समाधानासाठी कर ना."

त्या दिवशी तिने बटण दाबलं आणि घंटा वाजू लागल्या. अकराशे डॉलर. सुनेत्राताईंचे डोळे भरून आले.

"माझी लक्ष्मी गं तू. उगाच बोलले तुला."

या मायेच्या शब्दांसाठी कांचनचा जीव किती आसुसला होता. तरी ती मशीनसमोरच्या खुर्चीवरून उठली.

"आई, मी पुन्हा इथे येणार नाही."

"अगं, आज तर लागलेत."

"म्हणूनच आज सांगतेय. आजची लक्ष्मी मी झाले, तर पुढच्या शनिवारची अवदसाही मीच होणार."

"कांचन, लोक बघतायत," श्रीरंग पुटपुटला.

"बघू देत. यात माझा हात नाही, हे तू एकदा सांग ना आईंना. तुला माहितेय ते."

श्रीरंग त्या रिकाम्या खुर्चीवर बसला आणि त्याने स्वतःच बटण दाबलं. चक्रं फिरून थांबली. काही लागलं नाही.

सुनेत्राताईंनी वळून सुनेकडे पाहिलं.