कमरेची दोरी

मासेमारीसाठी नदी पुन्हा उघडली त्या सकाळी थोरला नेहमीसारखा उठला, तोंड धुतलं आणि जाळं खांद्यावर टाकून धक्क्यावर आला. शार्कने धाकट्या भावाला नेल्यापासून तो रडला नव्हता. ताटात पडेल ते खायचा, अंथरूण दिसलं की आडवा व्हायचा. लोक म्हणायचे, दगड झालाय. त्याचंही त्याला काही वाटलं नाही.

समुद्र इथून कितीतरी लांब. गोड्या पाण्यात शार्क म्हटल्यावर आधी कुणाचा विश्वास बसेना. "उद्या विहिरीत देवमासा निघेल," असं नावा दुरुस्त करणारा सुतार म्हणाला होता. मग मत्स्यखात्याचे साहेब आले. ही जात दोन्ही पाण्यांत राहते, नदी चढून वर येते, असं त्यांनी समजावलं. आता ती परत गेली असेल का? "असेल," साहेब म्हणाले. "नसेलही." महिनाभर मासेमारी बंद राहिली. पण पोटं काही बंद ठेवता येत नाहीत.

भावांची कामाची पद्धत जुनी होती. एक नावेत, दुसरा छातीभर पाण्यात. पाण्यातल्याने जाळ्याचं टोक धरून वळसा घालायचा. हात मोकळे राहावेत म्हणून त्याच्या कमरेला दोरी, आणि दोरीचं दुसरं टोक नावेतल्याच्या हातात. एक हिसका म्हणजे ओढ. दोन हिसके म्हणजे ढील दे. धाकटा गेला त्या दिवशी दोन हिसके आले, जोरात. थोरल्याने ढील दिली. ही गोष्ट धक्क्यावर सगळ्यांना ठाऊक होती, आणि जो तो हेच म्हणाला, की आम्हीही दिली असती.

नावेपाशी भावजय उभी होती. धाकट्याची जुनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून घातलेली.

"पाण्यात मी उतरते, दादा."

"वेड लागलंय का तुला?"

"पोरं जेवायला मागतात. त्यांना काय शहाणपण वाढू?"

"आईला विचारलंस?"

"आईंनीच डबा भरून दिलाय."

शेजारच्या नावेतला म्हातारा खेकसला, "अरे, घे की तिला! एकट्याने जाळं टाकलंस तर बेडूकसुद्धा यायचा नाही."

थोरल्याने दोरी स्वतःच्या कमरेला बांधली, दुसरं टोक भावजयीच्या हातात दिलं आणि हिसके समजावून सांगितले. तिने मान डोलावली.

पाणी गार होतं. आता भीती वाटेल, असं त्याला वाटत होतं. ती येईना. जाळ्याने वळण घेतलं, दोरी ताणली गेली, तसे त्याने दोन हिसके दिले.

दोरी सैल झाली नाही. उलट कमरेला असा झटका बसला, की तो पाठीवर आपटला. नाकातोंडात पाणी गेलं. भावजय नावेत पाय रोवून त्याला विहिरीतल्या बादलीसारखी ओढत होती. जाळं गोळा झालं, मासे निसटले.

"मोठा लागला गं बाई!" पलीकडून कुणीतरी ओरडलं. "कल्ले आहेत का बघ!"

थोरला नावेची कड धरून खोकत राहिला. "ढील मागितली होती मी."

"माहीत आहे."

"मग?"

तिचे तळहात सोलवटले होते. "हात ऐकत नाहीत, दादा. पुन्हा करून बघू."

पुन्हा तेच झालं. नंतरच्या खेपेला तिने डोळे मिटून दोरी सोडायचा प्रयत्न केला. बोटं उघडलीच नाहीत. हसणारे आपापल्या जाळ्यात डोकं घालून बसले.

थोरला नावेत चढला. सुरी काढून त्याने दोरीचा निम्म्याहून जास्त भाग कापून टाकला.

"हे काय?"

"एवढ्यातच फिरेन. ढील लागायची नाही."

"एवढ्यात काय मिळणार?"

"काठाचे. बोटाएवढे."

दुपारपर्यंत टोपलीचा तळ जेमतेम झाकला. दोघं नावेतच जेवायला बसली. भावजयीने डबा उघडून अर्धा त्याच्यापुढे सरकवला. त्याची कंबर ठणकत होती. "आता सोड की," तो म्हणाला, "मी इथेच बसलोय."

"जेवा तुम्ही," ती म्हणाली, आणि एका हातात दोरी तशीच धरून दुसऱ्या हाताने जेवू लागली.