कमरेवरचा पाय

कांताबाईनं डाव्या हातानं दाराची चौकट घट्ट धरली आणि उजवा पाय किसनरावांच्या कमरेवर ठेवला. किसनराव अंगणात पोत्यावर पालथे पडले होते, तोंड एका बाजूला, डोळे मिटलेले. नुकतं फटफटत होतं.

कांताबाई पायाळू. आईच्या पोटातून पायांकडून आलेली. अशा माणसाचा पाय लागला की कमरेची उसण उतरते, असं गाव मानतं. अट एकच. घरून निघाल्यापासून परत पोचेपर्यंत दुखणाऱ्यानं तोंडातून शब्द काढायचा नाही; काढला की गुण गेला. त्यामुळं चहाचंही विचारता येत नाही, आणि किसनरावांना ते सोयीचंच पडत असावं. त्यांच्या बापानं तिच्या सासऱ्याला कधी ओट्यावर चढू दिलं नव्हतं. आता त्याच बापाचा लेक बौद्धपुऱ्यात येऊन तिच्या पायाखाली निजतो. तिचा मुलगा संघदीप लोहाऱ्याच्या कारखान्यातून सुटीवर आला की चिडायचा.

"आपन हे सगळं सोडलं ना, आई? मंग हे कायले?"

"पडू दे ना बापा. मले पाहायले बरं वाटते."

पण दोन वर्षं झाली, तिची स्वतःचीच कंबर तिच्या जिवावर उठली होती. डाव्या कुल्ह्यातून निघालेली कळ पोटरीपर्यंत जायची. डॉक्टरनं वाकायचं काम बंद करायला सांगितलं. न वाकता कापूस काय हाक मारून बोलवायचा? गोळ्यांनी पोटात आग पडायची. मग सून दीपा रेती गरम करून पुरचुंडीनं शेकून द्यायची, आणि सकाळी कांताबाई लुगड्याच्या आत जुन्या धडप्याची पट्टी आवळून बाहेर पडायची. गावात दुसरं पायाळू कुणी नव्हतं. असतं तरी ती गेली नसती. किसनरावांच्या वावरात वेचणीच्या बायांची टोळी तीच जमवायची, पहिली ओळ तीच धरायची. बोंडं फुटायला लागली होती, वेचणी तोंडावर आली होती. कंबर गेली हे त्यांना कळलं की वेचणीही गेली. दुखण्यापेक्षा तिला याचीच भीती जास्त होती.

"यंदा नाही म्हना ना त्यायले," दीपा काल म्हणाली होती. "एका पायावर उभं राहनं होते का तुमच्यानं?"

"नाही म्हटलं तं काहून म्हनून विचारतीन."

दोनदा पाय दाबून झाला. तिसऱ्यांदा दाबताना डाव्या कुल्ह्यात अशी कळ आली की डोळ्यांपुढं अंधारी आली. चौकटीवरचा हात निसटला आणि सगळा भार किसनरावांच्या कमरेवर गेला. ते कण्हले. तिनं चौकट पुन्हा पकडली, पण पाय उचलेना. उचलायचा तर डाव्या पायावर उभं राहावं लागणार, आणि डावा पाय तिचा राहिलाच नव्हता. ठेवलेला पाय थरथर कापत होता. यांना कळू नये, एवढंच ती मनात घोकत राहिली.

"राहू द्या पाय," किसनराव म्हणाले.

इतक्या वर्षांत तिच्या पायाखाली असताना ते पहिल्यांदाच बोलले होते. कांताबाई दचकली.

"भाऊ, बोलू नका ना. गुन जाते."

"गुन कुठं येते, कांताबाई. गोळ्या खाऊनच चालतो मी." त्यांनी डोळे उघडले नाहीत. "हे थरथरनं मले माईत आहे. माहा बी पाय असाच कापते. कवापासून हाय?"

काहीतरी सांगून हसण्यावारी नेता आलं असतं. पण असं कुणी विचारलंच नव्हतं तिला. डॉक्टरनंही कागदाकडं बघत विचारलं होतं.

"दोन सालं झाले, भाऊ. रातभर डोळ्याले डोळा लागत नाही."

"लय वाईट दुखनं. वैऱ्याले बी नको." मग तितक्याच मायेनं ते म्हणाले, "मंग यंदा वेचनीले नका येऊ तुमी. मी ढाणकीहून बाया आनतो."

कांताबाईच्या घशाशी आलेलं रडू तिथंच थांबलं.

कळ आता जरा उतरली होती. पाय उचलता आला असता. तिनं चौकट सोडली आणि उरलासुरला भारही त्या पायावर टाकला.

किसनराव कण्हले. पण सरकले नाहीत.