येडी एचडी

वाशीमच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलेला शब्द साधना काठोकाठ भरलेल्या पेल्यासारखा सांभाळत घरी आणत होती. नवरा मुन्ना जीप चालवत होता. आठ वर्षांची चंदा मागे बसली होती, म्हणजे उभी होती, म्हणजे लोंबकळत होती, आणि वाटेतल्या प्रत्येक म्हशीचं बारसं करत होती. एडीएचडी, एडीएचडी, साधना मनात घोकत होती. पोर बिघडलेली नाही, बाई म्हणाल्या होत्या, तिच्या मनाला पाय जरा जास्त आहेत.

शेलूबाजारात जीप दारात थांबली तसं बाजेवरून सासऱ्यांनी, बबनरावांनी, काय निघालं म्हणून विचारलं. त्यांना एका कानानं कमी ऐकू येतं आणि दुसऱ्या कानाशी तेव्हा चंदा शिट्टी वाजवत होती. साधनानं मोठ्यानं सांगितलं, "एडीएचडी, मामाजी."

बबनराव ताडकन उठून बसले. "माह्या नातीले येडी म्हन्ली ते बाई?"

पुढचं ऐकायला ते थांबलेच नाहीत. टोपी घातली, पानठेला गाठला, आणि नातीची बाजू इतक्या मायेनं, इतक्या खणखणीत आवाजात मांडली की दिवेलागणीच्या आत साऱ्या बाजाराला कळलं: बबनरावची नात येडी निघाली. साधनाचा पेला भर चौकात सांडला.

आणि नेमकी त्याच संध्याकाळी गल्लीतल्या चतुराबाईकडे भुलाबाई होती.

भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत गल्लीतल्या पोरी घरोघरी भुलाबाईची गाणी म्हणतात. गाणी सरली की घरधनीण झाकलेला डबा हलवते आणि आत काय खिरापत आहे ते पोरींनी ओळखायचं. गेल्या साली चंदानं चतुराबाईची मातीची भुलाबाई सायकलवर फिरवून आणली होती. एका जागी बसून ती कंटाळली होती, असं चंदाचं म्हणणं. भुलाबाई परत आली ती नाकाशिवाय. तेव्हापासून चंदाला ते दार बंद. यंदा साधनानं हातापाया पडून एक संध्याकाळ मागून घेतली होती, आणि आता हे नाव पोरीच्या आधी तिथं जाऊन बसलं होतं. गावातलं नाव म्हणजे कुत्रीच्या झाडाचं चिकट बी; अंगाला लागलं की सासरपर्यंत सोबत येतं. जाऊच नये, असंही साधनाला वाटलं. पण चंदा दुपारपासून झगा घालून तयार होती. तोही उलटा.

एका वेळी एकच गोष्ट सांगा, डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. साधना ती गाऊन सांगायची. ओरडून सांगितलेलं चंदाच्या कानावरून उडून जाई, गायलेलं मात्र तिथं घरटं करी.

*एक चप्पल पायात गं, दुसरी चप्पल कुठं गेली?*
*दुसरी चप्पल दारात गं, चंदा तिच्यामागं गेली.*

अशा गात गात दोघी पोचल्या.

पहिलं गाणं चंदानं बसून म्हटलं. दुसरं उभ्यानं. तिसऱ्याला ती खांबाभोवती फिरत होती, पण सुरात होती. साधना दाराशी पदर दातात धरून भुलाबाईच्या नव्या नाकावर नजर ठेवून होती.

मग चतुराबाईनं डबा आणला. तिची खिरापत आजवर कोणी ओळखली नव्हती आणि हा तिचा मोठाच तोरा होता. तिनं डबा हलवला. आवाजच नाही. पोरी लाडू म्हणाल्या, चिवडा म्हणाल्या, सगळं चुकलं. हरलो म्हणा, चतुराबाई म्हणाली.

तेवढ्यात चंदा सुटली. "शिरा, भाकर, कापूस, कबूतर, आबाची कवळी, शेवया, झोपलेलं मांजर, पुरन, उशी, कानोले, बाबाचा रुमाल..."

"थांब," चतुराबाई म्हणाली. "मागं काय म्हन्ली?"

"मांजर?"

"त्याच्यानंतर."

चंदाला काय आठवणार. पण पोरींना आठवलं. कानोले! चतुराबाईनं झाकण काढलं. आवाज होऊ नये म्हणून फडक्यात घट्ट बांधलेले, करंजीसारखे उकडलेले कानोले हळूच वाफ सोडत होते.

पोरींनी एकच गलका केला. त्यातून कोपऱ्यातली सोनी म्हणाली, "ओळखलं येडीनं."

साधनाच्या दातातला पदर सुटला. समजावून सांगायची सारी वाक्यं तिनं जीपमध्ये जुळवली होती; त्यातलं पहिलं म्हणायला तिनं तोंड उघडलं.

चंदा मात्र सोनीकडे कीव आल्यासारखी बघत होती. "नुसती येडी नाही," ती म्हणाली. "येडी एचडी. डाक्टरबाईनं लिहून देल्लं. तू साधी हाये."

"एचडी म्हन्जे वं?" चतुराबाईनं विचारलं.

"टीव्हीवर नसते का काकू? साध्यात मानूस दिसते. एचडीत त्याच्या मिशीतलं भाताचं शितबी दिसते."

आधी चतुराबाई हसली. हसता हसता कानोला तिच्या हातून निसटला, तो झेलताना ती भिंतीला टेकली, मग पोरी एकमेकींवर कोसळल्या, आणि दाराशी साधना पोट धरून खालीच बसली. येड्या आहोत आपण सगळ्याच, तिला वाटलं, फक्त कागद एकीकडेच आहे.

"मी बी एचडी," सोनी हळूच म्हणाली.

"तू नाही. तुह्याकडं चिठ्ठी कुठं हाये?"

चतुराबाईनं डोळे पुसले, पहिला कानोला चंदाच्या हातावर ठेवला आणि साधनाला म्हणाली, "हिले उद्याबी आनजो. फक्त भुलाबाईले सायकलवर घेऊन जाऊ नको म्हन तिले."

पण सांगायचं कुणाला? पोरींचं लेंढार पुढच्या घराकडे निघालं होतं, सगळ्यात पुढे चंदा, एक पाय अनवाणी. उंबऱ्याशी तिची दुसरी चप्पल पडली होती. साधनानं ती उचलली, पदर खोचला, आणि लग्नानंतर पहिल्यांदाच भर गल्लीतून, गाणं म्हणत, पळत सुटली.