परागांतला उजेड

"मेलेत मावशी. सगळे मेलेत," सूक्ष्मदर्शकावरून डोकं उचलत प्रयोगशाळेत संशोधन करणारी स्वरदाताई म्हणाली. माझ्या हातातली धुतलेली बाटली पुन्हा बेसिनमध्ये पडली.

नाशिकच्या या कॉलेजात बाटल्या धुण्यात माझी एकोणीस वर्षं गेली. यंत्रात बघायची हौस मला कधी नव्हती. पण ताईने आज फ्रीजरातनं काढलेल्या नळीत होते ते माझ्या नवऱ्याने, बुधाने, हेरलेल्या झाडाचे पराग. दिंडोरीला तो ज्या द्राक्षबागेत कामाला होता, तिथे डावणी रोगाने अख्खा प्लॉट करपला, तेव्हा हे एकच झाड हिरवंगार उभं राहिलं. मालकाने बाग तोडायच्या आधी ताईने त्याच्या फुलांतले पराग वाळवून फ्रीजरात ठेवले. पुढे बाग गेली, आणि उन्हाळ्यात बुधाही गेला. तशीच न करपणारी रोपं मिळावीत म्हणून उद्या हे पराग दुसऱ्या झाडाच्या फुलांना लावायचे होते. मेलेले लावून काय उपयोग?

"मेले कशावरून वो?"

"हा रंग दाण्यात शिरतो. आत जीव असेल, तर तो रंगाला फोडतो आणि हिरवा उजेड पडतो. इथे सगळा अंधार आहे."

"फ्रीजरातनं काढून थेट रंगाच्या पाण्यात टाकले?"

"हो."

माझं डोकंच फिरलं. "अवो, लय शिकलात तुम्ही! उन्हातनं आलेल्याला कुणी दारातच तांब्याभर पाणी पाजतं का? आधी बसवायचं, गुळाचा खडा द्यायचा, मग पाणी. हे तर वर्षभर वाळलेत!"

ताईने कपाळावर हात मारला. "कोरड्या दाण्याला एकदम पाणी लागलं की त्याचं आवरण गळकं होतं, रंग आत राहतच नाही. शिकवलं होतं हो आम्हाला!"

तिने नळीतले थोडे कोरडे पराग ओल्या कागदाच्या डबीत तासभर झाकून ठेवले, मग रंग घातलेल्या साखरपाण्यात सोडले. त्या तासात मी एकच चंचुपात्र तीनदा घासलं.

"या मावशी, बघा."

मी ओले हात पदराला पुसले. डोळा लावला. काळोखात एक दाणा उजळला. मग दुसरा. मग बाई गं, किती! हिरवे, आतून पेटलेले. फुंकर मारली तर उडून जाईल एवढीशी भुकटी, आणि तिच्यात जीव होता! झाड नाही, माणूस नाही, तरी वर्षभर धरून ठेवलेला. माझे हात आपोआप जोडले गेले. देवळातही इतक्या मनापासून मी कधी जोडले नव्हते.

हळूहळू उजेड फिकट व्हायला लागला.

"मरतायत का वो?"

"नाही. बघायला दिवा मारतो ना आपण, त्याने रंग विटतो. बघा तुम्ही, हवं तेवढं."

मला तर जन्मभर बघत बसायचं होतं.

"नको," मी म्हणाले. "बंद करा तो दिवा. माझ्या बघण्यापायी कमी नको व्हायला."

भिंगाला माझ्या डोळ्यातलं पाणी लागलं होतं. ते मी भिंग पुसायच्या मऊ कागदाने हळूच पुसलं.