तडा आणि रेषा

दातांच्या डॉक्टरांनी खिशातून पाइप काढला आणि उपटलेली दाढ ट्रेमध्ये ठेवावी तसा काउंटरवर ठेवला. "हा तिसरा," ते म्हणाले.

थोरली मुलगी करवत बंद करून आतल्या कारखान्यातून बाहेर आली. तडा कुठे गेला असेल, हे तिला न बघताही सांगता आलं असतं. तंबाखू भरायची वाटी ठणठणीत होती. तोंडात धरायची काळी नळी लाकडी दांडीत शिरते तिथून केसाएवढी बारीक रेघ निघाली होती आणि लाकडाची रेषा धरून सरळ पुढे गेली होती.

"बघा! रेषेतूनच गेलाय," काउंटरमागून बाबा म्हणाले. "ठोकळा वाकडा कापला की दुसरं काय होणार?"

"बाबा, तडा रेषेतूनच जाणार. सोपी वाट सोडून तो आडवाटेला कशाला शिरेल? पण त्याला ढकललं कुणी?"

"गिऱ्हाईकासमोर वाद नको."

पुढच्या आठवड्यात नवा पाइप देतो असं सांगून बाबांनी डॉक्टरांना दारापर्यंत पोचवलं. परत आल्यावर तिच्याकडे न बघताच म्हणाले, "सोमवारपासून करवतीवर तुझा चुलतभाऊ बसेल. तू पॉलिश कर."

त्यांचे पाइप ब्रायरचे. ब्रायर म्हणजे एका झुडपाच्या मुळाशी वाढणारी लाकडी गाठ. ती कशी धरली म्हणजे रेषा वाटीभोवती ज्योतीसारख्या उभ्या राहतील, हे थोरली कापण्याआधी ओलं बोट फिरवून बघायची. शाळा सुटल्यापासून तिने हेच केलं होतं आणि तिला दुसरं काही करायचंही नव्हतं. पॉलिश म्हणजे मेण, फडकं आणि गप्प बसणं.

"ताई, चूक झाली म्हणून टाक ना," धाकटा म्हणाला. भोकं पाडणं आणि नळ्या बसवणं त्याच्याकडे होतं. "आठवड्यात विसरतील."

"मी करवत सोडायची आणि त्यांनी विसरायचं? वा रे शहाण्या!"

तिने टाकाऊ तुकडे गोळा केले. काही सरळ रेषांचे, काही झोपून उठलेल्या केसांसारखे गुंतलेले. धाकट्याकडून प्रत्येकात नळी बसवून घेतली. धुरातला ओलावा लाकडात मुरतो, म्हणून सगळे कोमट पाण्यात भिजत घातले. दुसऱ्या दिवशी बघते तर एकही फुटला नव्हता. सरळ नाही आणि गुंतलेलाही नाही.

तिला आनंद व्हायला हवा होता, पण डोकंच फिरलं. कारखान्यात काही फुटत नाही आणि गिऱ्हाइकाकडे गेलं की फुटतं. मग मधे होतं तरी काय? मधे होता फक्त काउंटर.

हातात फडकं घेऊन ती दुपारभर काउंटरजवळ पुसण्याचं नाटक करत राहिली. बाबांनी फळीवरचा पाइप उचलला, नळी फिरवून पाहिली, "सैल आहे," असं स्वतःशीच पुटपुटले. मग नळीच्या टोकाची खुंटी लायटरवर गरम केली, तिच्या भोकात निमुळता खिळा दाबून ती फुगवली आणि गार झाल्यावर करकर वाजेपर्यंत दांडीत पिळली. मग दुसरा पाइप घेतला. तोही सैल. त्यांच्या मते सगळेच सैल होते.

तशाच फुगवलेल्या खुंट्या तिने उरलेल्या तुकड्यांत बसवून भिजवल्या. सगळे फुटले. सरळ रेषांचे सरळ फुटले आणि गुंतलेले वेडेवाकडे.

सकाळी तिने ते काउंटरवर मांडले. "तडा कुठून जाईल ते रेषा ठरवते, बाबा. जाईल की नाही ते खुंटी ठरवते. तुम्ही फुगवलेली."

बाबांनी एक तुकडा उजेडात धरला. "हे बघ. रेषेतूनच गेलाय."

"बाबा!"

"उभा जन्म मी या धंद्यात काढलाय, शास्त्रीणबाई."

"उभा जन्म तुम्ही पाइप घडवलेत. खुंट्या फुगवायला लागलात ते हात थरथरायला लागल्यापासून."

बोलून गेल्यावर तिने जीभ चावली. बाबांनी दोन्ही हात काउंटरखाली घेतले. "दुकान उघडायची वेळ झाली," ते म्हणाले.

आत धाकटा कान देऊन उभाच होता. "मी खुंटी जरा बारीक काढतो. त्यांनी फुगवली की बरोबर मापात येईल."

"म्हणजे कुणी काही कबूल करायचं नाही?"

"कुणीच नाही."

तिला याहून बरं काही सुचेना, आणि त्याचाच तिला जास्त संताप आला.

सोमवारी चुलतभाऊ आला तेव्हा ती करवतीवर बसलेली होती. उठली नाही. बाबांनी आत एक नजर टाकली आणि पॉलिशचं फडकं चुलतभावाच्या हातात दिलं.

तक्रारी थांबल्या. बऱ्याच दिवसांनी दातांचे डॉक्टर आले ते मित्रासाठी पाइप घ्यायला. "माझा नवा अजून फुटला नाही. काय जादू केलीत?"

"जादू कसली!" बाबा खुंटी गरम करत म्हणाले. "पोरीला शेवटी रेषा कळायला लागल्या."

थोरली ताडकन उठून दारात आली. तिच्या तोंडाशी सगळं आलं होतं: खुंटी, खिळा, भिजवलेले तुकडे.

"खरं का हो?" डॉक्टरांनी हसून तिलाच विचारलं.

खिळा धरलेला बाबांचा हात थांबला. थांबूनही थरथरत होता.

"रेषा मी पहिल्यापासूनच बघते," ती म्हणाली. आत जाऊन तिने करवत सुरू केली आणि ठोकळा हातात घेण्याआधी बराच वेळ ती तशीच रिकामी फिरू दिली.