नाहीचा रकाना

ठिणगीने बुटकीच्या दंडाला चावा घेतला तेव्हा मी वर्गातच होतो. फळ्याकडे तोंड करून भागाकार मांडत होतो, एवढंच. अठ्ठावीस वर्षं मास्तरकी केली की पाठीलाही डोळे फुटतात, असं मी गावभर सांगत फिरतो. त्या दिवशी माझ्या पाठीला डुलकी लागली असावी.

ठिणगी ही कुंभाराची मुलगी, बुटकी गिरणीवाल्याची. दोघी चौथीत. भांडण नेहमीचंच, पहिल्या बाकावरच्या जागेचं. मी तपासबिपास काही केला नाही. माझ्याकडे सगळ्या दुखण्यांवर एकच गोळी.

"मी पुन्हा भांडणार नाही. शंभर वेळा लिहा दोघींनी, आणि सुटायच्या आत सही घ्या."

बाहेर वारं सुटलं होतं. शेतांमधली कोरडी माती उडून फळ्यावर येऊन बसत होती. माझी नांगरट अर्धी राहिलेली, त्यामुळे निम्मा मास्तर वर्गात आणि निम्मा बांधावर. आता, पोरं अशी शिक्षा आडवी लिहीत नाहीत, उभी लिहितात. आधी खालपर्यंत शंभर 'मी', मग शंभर 'पुन्हा'. ठिणगीचा तिसरा रकाना संपला आणि घंटा झाली. माझा चष्मा खिशात, एक पाय दाराबाहेर. दोन्ही वह्यांवर सही ठोकली आणि खाली शेरा मारला, 'उत्तम'.

दुसऱ्या दिवशी ठिणगीने बुटकीची वेणी ओढली. संध्याकाळी शाळा सुटताना कुंभार आला. हात कोपरापर्यंत चिखलाचे, काखेत लेकीची वही. तोही माझ्याच हाताखाली शिकलेला, म्हणून आधी चपला बाहेर काढल्या आणि मग माझी काढली.

"गुरुजी, वाचा."

"मी पुन्हा भांडणार," मी वाचलं. खाली तेच. त्याच्याही खाली तेच.

"शेवटी काय लिहिलंय?"

"उत्तम."

"अक्षर कुणाचं?"

"अरे बाबा, चौथा रकाना राहिला तिचा. नाहीचा."

"तो राहतोच, गुरुजी. माझापण राहायचा. तुम्ही तेव्हाही बघत नव्हता." तो काही हसला नाही. "भांडायलाच शिकायचं तर घरी मी आहे, तिची आई आहे. उद्यापासून शेळ्यांमागे जाईल ती."

ठिणगी दाराला टेकून उभी होती. या पोरीला तीसपर्यंत पाढे येतात आणि माझ्या एका 'उत्तम'पायी ती शेळ्या वळणार होती. मला लाज वाटली, अगदी कानापर्यंत.

"उद्याचा एक दिवस दे मला," मी म्हणालो. "मिटलं नाही तर खुशाल घेऊन जा."

"उद्या संध्याकाळी येतो," तो म्हणाला.

सकाळी दोघींना समोर उभं केलं आणि अठ्ठावीस वर्षांत कधी न विचारलेला प्रश्न विचारला.

"का गं भांडता?"

दोघींनी आधी एकमेकींकडे पाहिलं. गुरुजींची तब्येत बरी आहे ना, असा चेहरा.

"मला मागून फळा दिसत नाही," ठिणगी म्हणाली. "सगळं पुसट पुसट."

"मला पुढच्यांची डोकीच दिसतात," बुटकी म्हणाली.

"मग बसा की दोघी पहिल्या बाकावर. दोन जागांचा तर बाक आहे तो!"

"तिथं एकच जागा रिकामी असते, गुरुजी."

"दुसरीवर कोण बसतं?"

बुटकीने हळूच बोट दाखवलं.

"तुमचं पोतं."

भुईमुगाच्या बियाण्याचं पोतं. घरात उंदीर फार, म्हणून तीन महिन्यांपूर्वी मीच आणून ठेवलं होतं. हजेरी घेताना रोज त्याच्यावरून माझी नजर फिरायची. वर्गातला सगळ्यात शहाणा विद्यार्थी तोच, म्हणून कधी खटकला नाही.

पोतं पाठीवर घेऊन भर गावातून घरी निघालो. बायकोने दारातच विचारलं, "काय हो, नापास झालं का?"

संध्याकाळी कुंभार आला तेव्हा दोघी पहिल्या बाकावर खेटून बसल्या होत्या आणि मी शेवटच्या बाकावर वाकून लिहीत होतो. नाही, नाही, नाही.

"गुरुजी, हे काय?"

"तिचा राहिलेला रकाना. चूक माझी होती. आणि पोरीचे डोळे तपासून आण, तिला लांबचं दिसत नाही."

त्याने पहिल्या बाकाकडे एकदा पाहिलं. मग म्हणाला, "आणतो तपासून. शेळ्यांचं मी बघेन."

ठिणगीने वही अगदी नाकाशी धरून एकेक 'नाही' मोजला. ब्याण्णव भरले. उरलेले आठ माझ्याकडून लिहून घेतले, मग खाली सही केली आणि शेरा मारला, 'बरे'.

'उत्तम' लिही म्हणून मी खूप विनवलं. ती म्हणाली, "नीट बघितल्यावर तेवढं नाही वाटत, गुरुजी."